शैलाकाकूंनी केलेला अपवाद

संक्रांतीनंतरच्या शनिवारी दुपारी, टेक्सासमधल्या फ्रिस्को इथे, मानसी कुलकर्णी यांच्या घरी हळदीकुंकू चालू असताना वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पिस्तुलातून एक गोळी सुटली. पिस्तूल पलंगावर ठेवलेल्या एका पर्समध्ये होतं. मानसीच्या नऊ वर्षांच्या मुलीने, अन्वीने, ते बाहेर काढलं होतं. गोळी तिच्या डाव्या तळहातातून आरपार गेली आणि भिंतीत अडकली. खोलीतल्या इतर मुलांना इजा झाली नाही. अन्वी डावखुरी आहे.

पर्स आणि पिस्तूल केतकी साने हिचं होतं. पोलिसांच्या पहिल्या अहवालात केतकीचं नाव आहे, मानसीचं आहे. शैला बोरकर हे नाव त्यात नाही. ते नंतर आलं, आणि त्यांनी स्वतः जाऊन ते घालायला लावलं. हा मजकूर त्यांच्याविषयी आहे.

त्या दिवशी मी त्या घरात नव्हते. तिथलं जे लिहिते आहे ते तिघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं आणि नंतर कोर्टात ऐकलेलं आहे. शैलाकाकूंना मात्र मी बरीच वर्षं ओळखत होते. आमची घरं एकाच गल्लीत.

फ्रिस्कोतल्या मराठी बायकांमध्ये त्या ‘बंदूकवाल्या काकू’ होत्या. हे नाव त्यांना आवडत नसे. “पिस्तूल वेगळं, रायफल वेगळी, शॉटगन वेगळी. भाजीवाल्याकडे जाऊन नुसतं ‘भाजी द्या’ म्हणता का तुम्ही?” असं त्या विचारत.

त्या मूळच्या नागपूरच्या. मुलींच्या शाळेत पीटी शिकवत. कॉलेजात एनसीसीची रायफल चालवलेली. लग्नानंतर अमेरिकेत आल्या आणि एका बँकेच्या ऑफिसात निवृत्त होईपर्यंत राहिल्या. नवरा गेल्यावर त्यांनी पिस्तूल शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं आणि प्रमाणपत्र मिळवलं. उंची बेताची, पाठ ताठ, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज चढवत नसत. शूटिंग रेंजवर आवाज अडवणारे मफ कानाला लावलेले असतानाही त्यांचं बोलणं कळे, कारण त्या आधी खांद्याला हात लावत आणि मग ओठ स्पष्ट हलवत.

रेंजवरून निघताना त्यांचा एक नेम होता. गाडीत चिवड्याचा स्टीलचा डबा असे, पण तो उघडायच्या आधी सगळ्यांनी हात धुवायचे, साबण लावून, गार पाण्याने. “शिसं लागलेलं असते हाताला. ते पोटात घेऊन जायचं नाही घरी,” असं म्हणत त्या स्वतः नळाशी उभ्या राहायच्या. एकदा एका तरुणाने धुतल्याची नुसती बतावणी केली. काकूंनी त्याच्या हाताचा वास घेतला आणि डबा त्याच्यापुढून तसाच पुढे नेला.

पहिला वर्ग त्यांच्या स्वयंपाकघरात होई. त्यात खरं शस्त्र नसे. निळ्या प्लॅस्टिकचं एक नकली पिस्तूल होतं, ते लाटणं आणि झारा असलेल्या ड्रॉवरमध्ये राहत असे. खरी तीन शस्त्रं, दोन पिस्तुलं आणि एक पॉइंट टू टू रायफल, बेडरूममधल्या तिजोरीत. वर्गाला आलेल्या बाईपुढे त्या लोणच्याची नवी बरणी ठेवत. “उघड.” उघडली नाही तर म्हणत, “मग गोळी भरायला पिस्तुलाची स्लाइड कशी ओढशील? दुकानदार काहीही देईल. तुझा हात काय घेऊ शकतो ते पाहू आधी.”

मग प्रश्न. घरात कोण कोण? कोण आजारी? कोणाला राग येतो? रात्री झोपेची गोळी कोण घेतं? आणि शेवटी, “लोकांकडे जेवायला गेल्यावर तुझी पर्स कुठं जाते?”

या शेवटच्या प्रश्नाला बायका हसत. उत्तर सगळ्यांचं एकच होतं. आपल्याकडे पाहुणे आले की कोट आणि पर्स वरच्या बेडरूममध्ये, पलंगावर. त्याच खोलीत मुलांना टीव्ही लावून देतात, म्हणजे खाली मोठ्यांना बोलता येतं. काकू म्हणत, “अमेरिकन पुस्तकात लिहिलेलं असते की बाईने पर्समध्ये ठेवायला हरकत नाही. ते पुस्तक लिहिणारा आपल्याकडे जेवायला आला नाही कधी. अंगावर, नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही.”

येणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या परत पाठवत. प्रसाद नावाचा सॉफ्टवेअरमधला एक मुलगा, पुण्याचा, लॅपटॉपवर मोठा तक्ता घेऊन आला होता. कुठलं मॉडेल, किती गोळ्या, वजन, किंमत, परीक्षणं, सगळं रंग देऊन. काकूंनी चष्मा लावून तो तक्ता शेवटपर्यंत वाचला. त्यांना तो मनापासून आवडला.

“फार छान केलंस. एक कॉलम कमी आहे.”

“कुठला, काकू?”

“घरात कोण कोण.”

प्रसादची आई सहा-सहा महिने त्याच्याकडे राहत असे आणि तिला विस्मरण सुरू झालं होतं. रात्री ती उठून कपाटं उघडत असे. त्याने हे सांगितल्यावर काकूंनी लॅपटॉप मिटला.

“तुला पाहिजे काय नेमकं? भीती वाटून राहिली का?”

“भीती नाही हो. मजा वाटते. टार्गेट, वगैरे.”

“मग रायफल घे, पॉइंट टू टू. स्वस्त गोळी, झटका नाही, दिवसभर मार. अन् ठेवायची रेंजच्या लॉकरमध्ये. घरी आणायची नाही.”

प्रसाद अजूनही महिन्यातून एकदा रेंजवर जातो. रायफल लॉकरमध्येच आहे.

केतकी त्यांच्याकडे आली ती मजेसाठी नाही. ती मुंबईची, वय छत्तीस, एका कंपनीत टेस्टिंगचं काम. घटस्फोट झालेला. आधीच्या नवऱ्याने तिच्या अपार्टमेंटचं दार एकदा लाथेने तोडलं होतं. कोर्टाने त्याला तिच्यापासून लांब राहण्याचा हुकूम दिला होता, तरी त्याची गाडी तिच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिसत असे. ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्वाचा अर्ज केलेला होता. मुलाखतीची वाट पाहत होती.

काकू तिच्याबरोबर दुकानात गेल्या. काउंटरवरच्या माणसाने केतकीकडे बघून सर्वात लहान, हलकं पिस्तूल काढलं, गुलाबी मुठीचं. काकूंनी ते बोटाने मागे सरकवलं. “हलकं पिस्तूल हाताला जास्त झटका देतं. तुमच्या आईला द्याल का हे?” असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. तो माणूस थोडा विचार करून म्हणाला, “नाही, मॅडम.” त्यानंतर काकूंनी रेंजवर तीन मध्यम आकाराची पिस्तुलं भाड्याने घेतली. केतकीने तिन्ही चालवली. टार्गेट म्हणून कागदी ताटली होती, आपल्या पार्ट्यांत असते ती. ज्याने ताटलीत सर्वांत जास्त भोकं पडली ते पिस्तूल ठरलं. ब्रँड कुठला ते काकूंनी तिला शेवटी सांगितलं.

“आणि ताटलीत एकही भोक पडलं नसतं तर?” केतकीने विचारलं होतं.

“तर तुला कुत्रा घेऊन दिला असता.”

पिस्तूल बाळगायचं ते घोट्याला नाही, पर्समध्ये नाही, कमरेच्या आत, चाप पूर्ण झाकणाऱ्या म्यानात. होल्स्टरला काकू म्यानच म्हणत. केतकी दोन महिने रोज घरात रिकामं पिस्तूल आणि जाड पट्टा लावून भांडी घासत असे, सवय व्हावी म्हणून. रेंजवरून परतताना पहिल्या दिवशी ती गाडीत झोपली. काकूंनी तिला उठवलं नाही. तिच्या घरापाशी न थांबता गाडी पुढे नेली आणि ती जागी होईपर्यंत टोल रोडवर फिरत राहिल्या. “किती दिवसांनी झोपली होती कोण जाणे,” असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्या वर्षी मानसीने हळदीकुंकवाला केतकीला बोलावलं. काकूंनाही. एक घटस्फोटित, एक विधवा. यावरून मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक-दोघींनी नापसंतीच्या खुणा टाकल्या. मानसीने लिहिलं, “माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येकीची ओटी भरणार. ज्यांना अडचण असेल त्यांनी वडी पार्सल मागवावी.” मानसी नाशिकची, शाळेत गणित शिकवते.

शनिवारी सकाळी केतकीने काकूंना फोन केला. साडी नेसून झाली होती आणि पट्टा बसत नव्हता. परकराच्या नाडीला ते वजन पेलत नव्हतं. काकूंच्या त्या वेळी तिळाच्या वड्या चालू होत्या. फोन स्पीकरवर होता. संभाषण दोघींना सारखंच आठवतं.

“मग आज राहू दे घरी.”

“काकू, तो मंगळवारी मानसीच्या गल्लीत दिसला. कोपऱ्यावर गाडी लावून बसला होता.”

“पोलिसांना सांगितलं?”

“सांगितलं. येऊन गेले. तोवर तो गेला होता.”

“ड्रेस घाल मग.”

“काकू, दोन वर्षांनी कोणीतरी मला कुंकवाला बोलावलंय. मला साडी नेसायचीय.”

कढईतला पाक उकळल्याचा आवाज फोनवर येऊ लागला.

“बरं. पर्समध्ये ठेव. पण पर्स खांद्यावरून उतरवायची नाही. कोणी काही म्हणो.”

“नाही उतरवणार.”

मानसीच्या घरी दुपारी पंधरा-वीस बायका होत्या. केतकी पर्स खांद्याला लावून सोफ्याच्या टोकाला बसली. ओटीसाठी तिचं नाव घेतलं तेव्हा ती उठली. ओटी घ्यायला पदर दोन्ही हातांनी पुढे धरावा लागतो. पर्सचा पट्टा घसरून कोपरात आला. मानसीच्या एका हातात तांदळाचं ताम्हण होतं. दुसऱ्या हाताने तिने तो पट्टा केतकीच्या हातातून सोडवला. “दे गं इकडे. सुखाने उभी राहा की जरा,” असं ती म्हणाली. केतकीने पट्टा क्षणभर धरून ठेवला. मग सोडला. पर्समध्ये काय आहे ते खोलीभर बायकांसमोर सांगणं तिला जमलं नाही. मानसीने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि वाण आणायला वर जाताना पर्स बरोबर नेऊन पलंगावर ठेवली. केतकीने ठरवलं होतं की नमस्कार झाला की लगेच वर जायचं. तेवढ्यात कोणीतरी तिला ग्रुप फोटोसाठी थांबवलं. फोटो काढला जात असताना वरून आवाज आला.

फोटोत सगळ्या जणी वर बघत आहेत.

पोलिसांना केतकीने सांगितलं की पिस्तूल पर्समध्ये ठेवण्याचा निर्णय तिचा एकटीचा होता. काकूंचं नाव तिने घेतलं नाही. तिच्या वकिलाच्या मते हे प्रकरण अपघातात निघण्याची शक्यता होती. पर्स तिने ठेवली नव्हती, दुसऱ्या कोणी नेली होती.

सोमवारी शैलाकाकू कोणालाही न विचारता पोलीस ठाण्यात गेल्या. आपण प्रशिक्षक आहोत, आपण ही परवानगी दिली, दोष आपला आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा समज होता की त्यामुळे केतकीवरचं ओझं उतरेल. अधिकाऱ्याने सगळं रेकॉर्ड केलं. नेमके शब्द विचारले. काकूंनी नेमके शब्द सांगितले, पर्स खांद्यावरून उतरवायची नाही, हेही सांगितलं. सल्ला देणं हा गुन्हा नाही, असं सांगून त्याने त्यांना दारापर्यंत पोचवलं.

“पाण्याची बाटली दिली त्यानं मला,” असं त्या घरी आल्यावर मला म्हणाल्या. “मॅडम म्हणाला. मला काय बाटली पाहिजे होती?”

दोन आठवड्यांनी केतकीवर आरोप ठेवण्यात आला. शस्त्र मुलाच्या हाती लागेल अशा रीतीने ठेवणं, त्यातून गंभीर इजा. काकूंच्या जबाबामुळेच तो ठेवला गेला, असं सांगता येत नाही. पण जबाबातलं ते वाक्य आरोपाच्या कागदात होतं. आरोपीला प्रशिक्षकाने स्पष्ट ताकीद दिली होती, असा त्याचा अर्थ लावलेला होता. शिक्षा झाली असती तर केतकीचं नागरिकत्व अडलं असतं, आणि वकील म्हणत होता की कदाचित ग्रीन कार्डही.

केतकी त्या संध्याकाळी काकूंकडे आली. मी तिथे होते. ती बसली नाही.

“तुम्हाला कोणी बोलावलं होतं का तिथे?”

“नाही.”

“मग कशाला गेलात? मला वाचवायला? की तुम्हाला झोप येत नव्हती म्हणून?”

काकू म्हणाल्या, “झोप येत नव्हती.”

“मला येत होती का? मी तुमचं नाव घेतलं नव्हतं, काकू. एवढंच मला नीट जमलं होतं त्या दिवसात.”

ती निघून गेली. काकूंनी न प्यायलेले चहाचे तीन कप सिंकमध्ये ओतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रमाणपत्र संस्थेला परत पाठवलं आणि तिन्ही शस्त्रं परवाना असलेल्या विक्रेत्याला देऊन टाकली.

मानसीकडे त्या गेल्या त्या अन्वीला हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर. मानसीने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. काकूंनी फोनवरचं बोलणं सांगितलं.

मानसी म्हणाली, “तुम्ही येऊन सांगितलंत, बरं केलंत. आता मी काय करू त्याचं?”

काकूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“पर्स मी उचलली, काकू. जड लागली हाताला. मला वाटलं हिने वाण आणलंय, पितळेचं काहीतरी. मनात म्हटलं, एवढं कशाला आणायचं हिने. जिन्यात हसू आलं मला.” मग ती म्हणाली, “आपण तिघींनी दोष वाटून घेतला तरी तिची बोटं वळत नाहीयेत. आज तिने उजव्या हाताने नाव लिहिलं. उलटं आलं एक अक्षर. मी छान म्हटलं.”

खटला पानगळीच्या दिवसांत उभा राहिला. सहा जणांची ज्युरी. काकू सरकारी पक्षाच्या साक्षीदार होत्या. त्यांनी करड्या रंगाची साडी नेसली होती.

सरकारी वकिलाने विचारलं, “पर्स उतरवायची नाही, असं तुम्ही आरोपीला स्पष्ट सांगितलं होतं?”

“हो.”

“तिने ते मान्य केलं होतं?”

“हो.”

त्याने एवढंच विचारलं. मग केतकीचा वकील उठला. हा समारंभ कसा असतो ते दाखवाल का, असं त्याने विचारलं. न्यायाधीशांनी परवानगी दिली. काकू साक्षीच्या जागेवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर दोन्ही हातांनी पुढे धरला.

“या वेळी खांद्यावर पर्स असेल तर?”

“घसरते.”

“मग?”

“कोणीतरी घेतं. विचारत नाहीत. मायेनं घेतात.”

“पर्स कुठे जाते?”

“वर. पलंगावर. मुलं असतात तिथं.”

“हे तुम्हाला त्या सकाळी माहीत होतं?”

“मीच शिकवते ते सगळ्यांना.”

“मग ही सूचना पाळता येण्यासारखी होती का?”

“नाही.”

“तरी तुम्ही ती का दिली?”

काकूंनी पदर खाली सोडला. “वडीचा पाक पुढे जाऊन राहिला होता,” असं त्या आधी मराठीत म्हणाल्या. मग इंग्रजीत, “मला फोन संपवायचा होता.”

वकील खाली बसला. काकू उभ्याच होत्या. “आणखी एक सांगायचं आहे,” असं त्या म्हणाल्या. न्यायाधीशांनी सौम्यपणे सांगितलं की तुमच्यापुढे प्रश्न नाही, तुम्ही जाऊ शकता.

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये त्या बाकावर बसल्या. मी शेजारी बसले. राहिलेलं काय होतं ते त्यांनी मला सांगितलं. ओटीच्या वेळी त्या खिडकीपाशी वड्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. केतकीचा खांदा रिकामा त्यांना दिसला होता.

“पाहिलं मी. विचारणार होते, पर्स कुठे गं. समोर बायका होत्या. तिचं गुपित फुटलं असतं. म्हटलं, फोटो होऊ दे.”

“हे पोलिसांना सांगितलंत?”

“त्यांनी फोनचं विचारलं. मी फोनचं सांगितलं.”

“मानसीला?”

त्यांनी मान हलवली, नाही अशी. मग त्या उठल्या. लिफ्टपाशी काही पोलीस उभे होते, म्हणून त्या जिन्याने गेल्या, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात निऱ्या उचलून. पांढरे बूट वळणापर्यंत दिसत होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या आपल्या मुलाकडे जर्सी सिटीला गेल्या आणि इथलं घर विक्रीला आहे.

ज्युरीने त्याच दुपारी केतकीला निर्दोष ठरवलं. काकूंना मी फोनवर निकाल कळवला. “बरं झालं,” असं त्या म्हणाल्या आणि मानसीचा पत्ता तोच आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचं पत्र किंवा फोन आला का, असं मी मानसीला गेल्या आठवड्यात विचारलं. आलेला नाही. अन्वीच्या हाताचं तिसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.